पत्रा एकटाच तापत नाही



आज मी तुमच्याशी डोक्यावरच्या पत्र्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. मार्च ते जून आपण ज्याला रोज शिव्या घालतो, त्याच्याविषयी एकदा नीट बोलायला काय हरकत आहे? मी काही इंजिनीअर नाही. बचत गटाची बाई आहे, सातवी शिकलेली. पण पत्र्याखाली वीस वर्षं संसार केलाय आणि एक चूक करून, एक वर्ष वाया घालवून थोडं शिकलेय. तेवढंच सांगते.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. जुन्या जाणत्या बायकांना आठवत असेल, आपल्याकडे आधी माळवदाची घरं होती. दगडामातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या नाही तर काटक्या आणि त्याच्यावर दीड-दोन फूट पांढरी माती. मधे उजेडाला आणि धूर जायला साणं ठेवलेलं. बाहेर वैशाखाचं ऊन असलं तरी आत अंगाला गारवा लागायचा. आजही कुणी म्हणतं, ‘पुन्हा माळवद घाला, सगळं थंड होईल.’

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे ऐकलं की उठून बाहेर जातात. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घराच्या मातीखाली गेली. आत्याबाईंची पाठची बहीण त्यात गेली.

जरा हिशोब करून बघा. दहा बाय दहाची खोली घेतली आणि तिच्यावर दीड फूट माती धरली, तर सहा-साडेसहा टन वजन होतं. ट्रकभर माती डोक्यावर घेऊन झोपायचं. तेवढ्याच खोलीवरचे पत्रे भरतात साधारण पन्नास किलो. म्हणून आत्याबाई म्हणतात, ‘पत्रा भाजतोय गं, पन जीव तर घेत न्हाई.’

पण मैत्रिणींनो, उन्हाळाही जीव घेतो. ते सावकाश होतं, म्हणून कळत नाही.

चार वर्षांपूर्वी माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं चैत्रात. पोरगी येणार म्हणून मी होळीच्या आधीच तयारीला लागले होते. बाजारातून थर्माकोलच्या शीट आणल्या. माझ्या लेकानं त्या पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांच्या मधल्या जागेत मापात कापून घट्ट बसवल्या. खालून पाइपांनाच घट्ट ताणून पांढरं कापड लावलं. काय छान दिसत होतं! गल्लीतल्या बायका बघायला आल्या.

वैशाख लागला आणि छान दिसणं संपलं. दुपारी त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. रात्री नऊ वाजता कापडाला हात लावला तर कोमट लागायचं. बाळाच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठल्या. त्याचं आम्ही काय एवढं मनावर घेतलं नाही. पण एक दिवस बाळ दूध ओढेना. रडणंही बारीक झालं. सकाळपासून लंगोट एकदाच ओला झालेला. आशाताईंनी अंगाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘काकू, एक मिनिट थांबू नका.’ आम्ही १०८ ला फोन केला, बाळाला सरकारी दवाखान्यात नेलं. देवाच्या दयेनं बाळ वाचलं. उरलेला उन्हाळा लेकीनं दुपारच्या वेळी बाळाला घेऊन शेजारच्या लिंबाखाली काढला.

माझ्या मनाला ते फार लागलं. पैसे खर्च केले, छत घातलं, मग उष्णता आली कुठून?

उत्तर मिळालं थंडीत. पौष महिना होता. पहाटे आत्याबाईंनी हाक मारली, ‘अगं, वरून पानी टपकतंय.’ पाऊस नाही काही नाही. दिवा लावून वर पाहिलं तर त्या पांढऱ्या कापडावर ओल्या रेघा. सरळ, आखल्यासारख्या, चार-चार फुटांवर. मधलं सगळं कापड कोरडं. आणि रेघा कुठे? जिथे जिथे वर लोखंडी पाइप, बरोबर तिथे.

पत्र्याला घाम येतो हे आपल्याला ठाऊक आहे. थंडीच्या रात्री आभाळ निरभ्र असलं की पत्रा आपली ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आपल्या श्वासातली वाफ, चुलीवरच्या पाण्याची वाफ वर जाते आणि गार जागा मिळाली की तिथे तिचे थेंब होतात. म्हणजे त्या रेघा मला सांगत होत्या की थर्माकोल होता तिथे गारवा आत आला नाही, पाइप होते तिथे मात्र सरळ आला. थंडीत ज्या वाटेनं घराची ऊब बाहेर जात होती, त्याच वाटेनं उन्हाळ्यात पत्र्याची आग आत येत होती.

हे स्वयंपाकघरातलंच आहे बघा. कढईत लोखंडी उलथनं विसरलं तर दांड्याला हात लावता येतो का? चटका बसतो. त्यालाच लाकडी मूठ असली तर काही होत नाही. लाकडापेक्षा लोखंडातून उष्णता ३०० ते ४०० पट जास्त वेगानं जाते. थर्माकोलशी तुलना केली तर हजार पटींहून जास्त. मी पत्रा झाकला, पण पाइप वर पत्र्याला चिकटलेला आणि खाली माझ्या कापडाला टेकलेला. सगळी दारं बंद केली आणि मधलं एक सताड उघडं ठेवलं, असं झालं.

आणखी दोन चुका होत्या. थर्माकोल मी पत्र्याला अगदी चिकटवून बसवला होता. दुपारी पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. त्या तापानं शीट आकसल्या आणि कडेनं फटी पडल्या. दुसरी चूक जास्त मोठी. थर्माकोल भुरूभुरू पेटतो, वितळून खाली गळतो, त्याचा धूर विषारी असतो. आमची चूल पलीकडच्याच खोलीत. एखादी ठिणगी उडाली असती तर? आजही तो विचार आला की पोटात गोळा येतो. माझ्यासारखं उघडं थर्माकोल तुम्ही राहत्या घरात लावू नका.

पुढच्या होळीला आम्ही सगळं काढलं आणि पुन्हा केलं. या वेळी गटातल्या सहाजणी, एक गवंडी आणि माझा लेक. आता कसं केलं ते सांगते. कागद-पेन असेल तर घ्या.

पहिलं काम वरून. पत्रा पांढरा करायचा. उन्हात काळं लुगडं आणि पांढरं लुगडं वाळत घाला, थोड्या वेळानं दोन्हींना हात लावून बघा, मग कळेल. पांढरा रंग ऊन परत फेकतो. गंजलेला पत्रा ऊन पिऊन घेतो. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण तापला की त्याची उष्णता लवकर सुटत नाही, म्हणून तोही भाजतोच. आम्ही पत्रा धुतला, गंज तारेच्या ब्रशनं घासला, त्यावर प्राइमर आणि मग बाहेरच्या भिंतींना लावतात तो पांढरा रंग, दोन हात. नुसता चुना स्वस्त पडतो, पण पत्र्याला नीट धरत नाही, पहिल्या पावसात निघतो. चुना लावायचा तर त्यात डिंक मिसळा आणि दर वर्षी होळीनंतर पुन्हा लावायची तयारी ठेवा. पांढऱ्या छपरानं खोलीतला उकाडा दोन ते पाच अंशांनी कमी होऊ शकतो.

हे खूळ माझ्या एकटीचं नाही. शेजारच्या गुजरातेत अहमदाबादला मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उन्हाळ्यासाठी आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम सुरू झालं. तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छपरांसाठी सरकारी धोरणच आणलं.

रंग देताना एक सांभाळा. पत्र्यावर सरळ पाय देऊ नका. खाली पाइप आहे तिथे आडवी फळी टाका आणि फळीवर बसा. काम पहाटे करा आणि खाली एक माणूस शिडी धरायला ठेवा. तुमचा पत्रा सिमेंटचा, नालीदार राखाडी असेल, तर तो घासू नका, कापू नका, भोक पाडू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. तो पाण्यानं हलकेच धुऊन वरून रंग द्या, बस.

दुसरं काम वारा. गरम हवा वर चढते, हे धुराकडे बघून कळतंच. ती वर अडकली तर पंखा तिलाच खाली ढकलतो. आम्ही आढ्याच्या खाली, दोन्ही बाजूंच्या तिकोनी भिंतींत एकेक वीट काढून जाळी बसवली. उंदीर, पाखरं येऊ नयेत म्हणून बारीक जाळी. पावसाचा सडाका येतो त्या बाजूला वर छोटी पडवी काढली.

तिसरं काम छत, आणि मी चुकले होते ते इथेच. या वेळी छत पाइपांच्या मधे बसवलं नाही. पाइपांच्या खाली टांगलं. पाइपांना बारीक तारा बांधल्या, तारांना बांबूची चौकट लटकवली. पाइप आणि छत यांच्यामधे एक वीतभर मोकळी जागा ठेवली. ती जागा त्या दोन जाळ्यांच्या मधे येते, म्हणून तापलेली हवा तिथून बाहेर पडते. लोखंड कुठेही छताला टेकत नाही. तारेतून थोडी उष्णता येते, पण बारीक तार ती कितीशी आणणार?

चौकटीवर तुराट्यांचे तट्टे बांधले. तट्ट्याला खालून शेणमातीचा पातळ हात दिला, बोटाच्या पेराच्या निम्मा. याच्यापेक्षा जाड देऊ नका. जाड देत गेलात तर पुन्हा माळवदाचं वजन डोक्यावर येईल. हा हात दिल्यानं काड्यांचा कचरा पडत नाही आणि आग लवकर धरत नाही. तट्ट्याच्या वर खताच्या नव्हे, धान्याच्या जुन्या गोणपाटात गव्हाचं खडखडीत वाळलेलं काड भरून, चार-पाच इंच जाडीच्या गाद्या करून ठेवल्या. काडापेक्षा त्याच्यामधे अडकलेली हवा जास्त काम करते. गोधडीत ऊब राहते ती याचमुळे. म्हणून काड दाबून कोंबू नका. गादीत लिंबाचा वाळलेला पाला टाका, किडे कमी लागतात. गाद्या एकमेकींना भिडवून ठेवा, मधे फट ठेवू नका.

टांगण्याआधी वेल्डरला किंवा गवंड्याला पाइप दाखवून घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत या सगळ्याचं वजन बरंच होतं. पाइप बारीक किंवा गंजलेले असतील तर आधी त्यांना टेकू द्या. नाही तर गाद्या नकोत, नुसते तट्टे टांगा.

आता आगीचं बोलते, नीट ऐका. चुलीच्या खोलीत असं छत करायचं नाही. तिथे वरून पांढरा रंग आणि खाली धूर जायला वाट, एवढंच. विजेची वायर गाद्यांमधून न्यायची नाही. वायर छताच्या खालून, पाइपात घालून न्या. बल्ब छताला चिकटवू नका. आमच्या गटातल्या एकीच्या घरी वायरचा जोड उघडाच होता. आधी तो नीट करून घेतला, मग छताला हात लावला.

काहीजणी म्हणतात, पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली की झालं. होतं गार, खरं आहे. पण पाणी कुठून आणायचं? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलो का? आपल्या भागात छताला पाणी पाजून चालणार नाही.

ज्यांना एवढं करणं आत्ता जमत नाही, त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. फिकट रंगाच्या जुन्या लुगड्याचा चांदवा पत्र्यापासून फूटभर खाली, पाइपांना न टेकता टांगावा. तापलेला पत्रा खाली आग ओततो, ती थोडी तरी अडते. चूल मात्र त्याच्यापासून लांब. आणि बाळाची, म्हाताऱ्या माणसाची बाज दुपारी पत्र्याखाली ठेवू नये. झाडाची सावली, शेजारचं पक्कं घर, समाजमंदिर, कुठेही न्या.

ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांनी तर फार सोपं काम करायचं. पत्रा ठोकण्याआधी पाइपावर लाकडी पट्टी टाकून घ्या आणि पत्रा त्या पट्टीवर बसवा. कढईच्या लाकडी मुठीसारखं ते काम करतं. नंतर हे करायचं म्हणजे सगळा पत्रा उचकटावा लागतो.

तुम्ही विचाराल, मग झालं का घर थंड? खरं सांगते, बाहेर त्रेचाळीस अंश असताना घर काही महाबळेश्वर होत नाही. सावलीतल्या हवेपेक्षा ते गार होणार नाही. पण पूर्वी वरून डोक्यावर आग ओतली जायची, ती थांबली. संध्याकाळी घर लवकर निवतं. पुढच्या मे महिन्यात लेक नातवाला घेऊन आली. पोरगं दुपारी दोन तास झोपलं. मी बाजूला बसून वर बघत होते. आणि पौषात आत्याबाई म्हणाल्या, ‘अवंदा गुडघे लई दुखले न्हाईत.’ पहाटेचा थेंबही पडला नाही.

जाता जाता बाळांविषयी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी पाजू नका. आईचं दूध जास्त वेळा पाजा आणि आईनं स्वतः भरपूर पाणी प्यावं. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, लघवी कमी झाली असेल, अंग तापलेलं लागत असेल, तर घरचे उपाय करत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्यानं पुसा आणि १०८ ला फोन करा. हवा चाळिसाच्या पुढे गेली की नुसता पंखा उलट गरम वारा मारतो, हेही ध्यानात ठेवा.

आता एक काम देते. आज संध्याकाळी, दिवस मावळून दोन तास झाले की, उलट्या हातानं आधी आपल्या घरातल्या लाकडी दाराला आणि मग लोखंडी पाइपाला हात लावून बघा. काय जाणवलं ते एकमेकींना सांगा. आणि पुढच्या बैठकीत वहीत एक यादी करा: आपल्या गटात पत्र्याखाली कोण गरोदर आहे, कुणाच्या घरी तान्हं आहे, कोण अंथरुणाला खिळलंय. भिशीची चिठ्ठी काढतो तशी चिठ्ठी इथे काढायची नाही. या यादीतलं घर आधी घ्यायचं. सहाजणी मिळून आमचं एक छत चार दिवसांत झालं. मजुरी आपलीच, तुराट्या आणि काड रानातलं. पैसे लागले ते रंग, बांबू आणि तारेला.

उन्हाळा यायच्या आधी एक घर तरी करा. येते मग. नमस्कार.